वशिंड नाही म्हणून दूध विषारी ठरत नाही

गेली काही वर्षं व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. वसुबारस जवळ आली की त्याला जोर चढतो. म्हणणं थोडक्यात असं: जर्सी आणि होल्स्टीन या गाईच नव्हेत, युरोपात डुकराशी संकर करून तयार केलेले प्राणी आहेत. त्यांचं दूध ए१, म्हणजे मधुमेह आणि कॅन्सरचं मूळ. देशी गाईच्या वशिंडात सूर्यकेतू नाडी असते, तिच्यामुळे दुधात सोनं उतरतं. म्हणून शेतकऱ्यांनी संकरित, म्हणजे देशी-विदेशी मिश्र रक्ताच्या, गाई काढून टाकाव्यात आणि देशी पाळाव्यात.

ज्या घरांचा किराणा आणि पोरांची फी डेअरीच्या पगारावर चालते, त्यांच्याही मोबाइलवर हे येतं. आपण घालतो ते दूध विष आहे असं त्यांना वाचावं लागतं. म्हणून उत्तर द्यायला हवं.

डुकराचा मुद्दा लवकर संपतो. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रं, डुकराच्या ३८. त्यांचा संकर होतच नाही. उलट वशिंडाची देशी गाय आणि जर्सी-होल्स्टीनसारखी बिनवशिंडाची गाय, दोघींची गुणसूत्रं ६०, आणि दोघींच्या संकरातून झालेली कालवड पुढे बिनदिक्कत गाभण राहते. दोन्ही शाखांचे पूर्वज एकाच रानटी गोवंशातले. एक शाखा पश्चिम आशियात माणसाळली, दुसरी सिंधूच्या खोऱ्याकडे. जर्सी ही इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरची. तिथल्या लोकांनी वाण शुद्ध राहावं म्हणून अठराव्या शतकातच बाहेरची गुरं बेटावर आणायला बंदी केली होती. होल्स्टीन फ्रिजियन नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या कुरणांवरची.

मेसेजसोबतच्या फोटोत बहुतेक वेळा काळी-पांढरी गाय असते आणि खाली लिहिलेलं असतं ‘जर्सी’. ती एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, असते. जर्सी अंगानं लहान, रंगानं हरणासारखी, कपाळ खोलगट, डोळे मोठे, काळ्या नाकपुडीभोवती फिकट कडं. एचएफ थोराड, दूध भरपूर पण फॅट साडेतीनच्या आसपास. जर्सीचं दूध कमी पण फॅट पाचाच्या घरात, म्हणजे आपल्या कित्येक देशी गाईंच्या बरोबरीचं किंवा वरचढ. ‘जर्सीचं दूध पाणचट’ म्हणणाऱ्यानं एकदा संकलन केंद्रावर उभं राहून फॅटचं मशीन पाहावं.

आता ए१ आणि ए२. इथे थोडं खरं आहे, म्हणूनच खोटं खपतं. दुधात बीटा-केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या साखळीत ६७व्या जागी ए२ प्रकारात प्रोलीन असतं, ए१ प्रकारात हिस्टिडीन. या फरकामुळे ए१ पचताना बीसीएम-७ नावाचा तुकडा सुटू शकतो. त्यातून रोग होतात, ही पुढची उडी मात्र सिद्ध झालेली नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २००९ साली उपलब्ध अभ्यास तपासले आणि या तुकड्याचा मधुमेह, हृदयरोग वगैरेंशी कार्यकारणसंबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला. काही लोकांना ए२ दूध पोटाला हलकं जातं, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. तेवढं मान्य करायला हरकत नाही. कॅन्सर ही फार वेगळी गोष्ट झाली.

शिवाय ए२ म्हणजे देशी, हे समीकरणच चूक. आपल्या देशी गाईंत ए२ चं प्रमाण खूप जास्त आहे हे खरं. पण एचएफ आणि जर्सीमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. ए२ दुधाचा व्यापारच मुळी २००० च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये उभा राहिला, जनुक तपासून निवडलेल्या बिनवशिंडाच्या गाईंवर. आणि आपल्या म्हशीचं दूध? तेही ए२च. ‘ए२ तूप’ विकणाऱ्यांनी तर एवढंच सांगावं, की तुपात प्रथिन उरतं किती? तूप म्हणजे जवळपास निव्वळ स्निग्धांश.

सोन्याबद्दल. वशिंडात स्नायू आणि चरबी असते, सूर्यकिरण ओढणारी नाडी नसते. पिवळसरपणा येतो तो हिरव्या चाऱ्यातल्या बीटा-कॅरोटीनमुळे, आणि जर्सीचं लोणी चांगलंच पिवळंधमक असतं.

राहिला शेतकऱ्याला दिलेला सल्ला. माझा खरा राग यावर आहे. ‘देशी’ असं एकच जनावर नाही. खिल्लार माणदेशात घडली ती ओढकामासाठी, तिचं दूध जेमतेम वासरापुरतं. लातूरकडची देवणी दुहेरी कामाची. लाल कंधारी, गवळाऊ, डांगी या कुणीही डेअरीत कॅन भरून घालण्यासाठी घडलेल्या नाहीत. दुधाच्या म्हणाव्यात अशा गीर, साहिवाल, लाल सिंधी, थारपारकर, राठी, आणि त्यातली एकही मूळ महाराष्ट्रातली नाही. बारा-पंधरा लिटरची संकरित गाय विकून तीन लिटरची बांधा, हे सांगणाऱ्याला पेंडीच्या पोत्याचा भाव माहीत नसावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेल्या फुले त्रिवेणीत गीर, एचएफ आणि जर्सी तिन्हींचं रक्त आहे. ज्या गाईला विष म्हणता, तिच्या अंगात गीरही आहे.

देशी गाईची बाजू घ्यायला खरी कारणं भरपूर आहेत. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या गोठ्यात एचएफ तोंड उघडून धापा टाकते, लाळ गळते, संध्याकाळची धार घटते. शेजारची खिल्लार शांतपणे रवंथ करत असते. गोचीड तापात संकरित कालवडीच्या खांद्यापुढची गाठ सुजते, ताप चढतो आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर ती दगावते. देशीला हा त्रास फार कमी. अकोले-इगतपुरीच्या पावसात डांगीच टिकते, तिची कातडी तेलकट आणि खूर टणक असतात.

ब्राझीलनं आपल्याकडूनच गीर नेली, पिढ्यान्‌पिढ्या दुधाच्या नोंदी ठेवल्या, नोंदी पाहून वळू निवडले आणि तिला भरपूर दुधाची गाय बनवलं. आपल्याकडे देवणी किंवा डांगी पाळणाऱ्याला आजही जातिवंत वळूची रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठीचं वीर्य) गावात वेळेवर मिळत नाही, आणि कोणत्या गाईनं कोणत्या वेतात किती दूध दिलं हे लिहून ठेवणारे थोडे. गोवंशाचं प्रेम असणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन या दोन गोष्टी मागाव्यात.