नऊ नंबरचं रीळ

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ पुढे जावं.

संध्याकाळी आईला एक जुना सिनेमा लावून दिला. नाव सांगत नाही, नाव घेतलं की लोक हिरो-हिरॉइनवर घसरतात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा सिनेमा ऑपरेटर म्हणून कित्येक आठवडे चालवला होता. आईने तो केबिनच्या झरोक्यातून इतक्या वेळा पाहिलाय की हिरॉइनच्या आधी तिच्या तोंडात संवाद येतात. एका ॲपवर ‘रिस्टोअर्ड’, म्हणजे दुरुस्त करून नवा केलेला, असा शिक्का मारून तो आलाय, म्हणून मी हौसेने लावला.

पहिल्या दहा मिनिटांतच खटकायला लागलं. चेहरे मेणाचे. ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, घालवायच्या नादात कपाळावरच्या आठ्या, दाढीचे खुंट, साडीचं सूत, सगळं गुळगुळीत करून टाकलेलं. रात्रीचे प्रसंग निळेशार, हल्लीच्या जाहिरातींसारखे. तरी मी गप्प बसलो, आई रमली होती ना. मध्यंतरानंतर थोड्या वेळाने तीच म्हणाली, “अरे, ती पायरीवर बसून कंदील पुसते, ते कुठे गेलं?”

ते गेलं होतं. अख्खा प्रसंग कापलेला. आणि हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तो प्रसंग माझ्या घरात आहे. सिनेमा तेव्हा बऱ्याच रिळांत यायचा, त्यातल्या नऊ नंबरच्या रिळात.

चिडून एका ग्रुपवर लिहिलं की यापेक्षा फॅन लोकांनी जुन्या प्रिंटवरून केलेले स्कॅन शंभर पटीने बरे. तर एका गृहस्थांनी लगेच शिकवणी घेतली. म्हणे मालक देईल तीच खरी प्रत, बाकीचे सगळे चोर. त्याला चाळीस लाइक. चाळीस! मंडळी, तुम्ही माझ्या यादीतली माणसं आहात, तुम्हाला हे पटवून द्यायची गरज नाही. पण ‘चोर’ हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीये.

कोण चोर? टॉकीज बंद पडली तेव्हा केबिनच्या कोपऱ्यात एक गंजका डबा राहिला होता. फिल्म तुटून तुटून खराब झालेलं रीळ. डिस्ट्रिब्युटरने त्याच्या जागी दुसरं पाठवलं होतं आणि हे परत मागवलंच नव्हतं. भंगारवाला न्यायला उभा होता. अण्णांनी डबा उचलला, सायकलला बांधला आणि घरी आणला. एवढीच त्यांची ‘चोरी’.

तो डबा वर्षानुवर्षं कपाटाखाली होता. अण्णा गेल्यावर मी तो उघडला आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं, याला व्हिनेगर सिंड्रोमच म्हणतात. फिल्मचा ॲसिटेटचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, पाया कुजायला लागतो, त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि तेच ॲसिड कुजणं आणखी वाढवतं. एकदा सुरू झालं की थांबत नाही, थंडीत ठेवून फक्त मंद करता येतं. शेजारच्या चांगल्या रिळालाही ते लागतं. फिल्म आकसते, वाकडी होते, शेवटी ठिसूळ होऊन तिचे तुकडे पडतात. मी रिळाचं टोक उजेडात धरलं तर त्यावरची माणसं लालभडक. हिरवी झाडं नाहीत, निळं आकाश नाही, सगळं जग डाळिंबाच्या रसात बुडवल्यासारखं. जुन्या ईस्टमनकलर (कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या) प्रिंटमधला हिरवट-निळा रंग आधी उडतो, पिवळाही फिका पडतो आणि लालसर तेवढा उरतो. टेक्निकलरच्या प्रिंट मात्र वेगळ्या पद्धतीने छापल्या जायच्या, त्यांचे रंग आजही ताजे दिसतात. आमचं नशीब तेवढं नव्हतं.

आता मालकांच्या सांभाळण्याबद्दल बोलू, कारण त्या गृहस्थांचा मालकांवर फार विश्वास आहे.

१९३७ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथे फॉक्स कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि त्यांच्या मूकपटांचा मोठा साठा एका रात्रीत राख झाला. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, एकदा पेटली की पाण्याखालीही जळते. बरं, आग हा अपघात म्हणा. पण बोलपट आल्यावर मूकपटांना किंमत राहिली नाही म्हणून ज्या प्रिंट वितळवून त्यातली चांदी काढून घेतली, तो अपघात नव्हता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये अहवाल काढला: तिथल्या जवळपास ११ हजार मूक कथापटांपैकी फक्त १४ टक्के आपल्या मूळ ३५ मिमी रूपात उरलेत. लाज वाटावी असा आकडा आहे. आपल्याकडे तर बोलायलाच नको. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग तेवढे हाताशी आहेत, आणि १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रिंट सापडत नाही. मालक होतेच की तेव्हाही.

आणि जे वाचलं ते कुणामुळे वाचलं? १९२२ च्या ‘नोस्फेरातू’च्या सगळ्या प्रती नष्ट करा असा कोर्टाचा हुकूम होता. तो ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेता काढलेला, त्यामुळे कादंबरीच्या लेखकाच्या पत्नीचा दावा कायद्याने अगदी बरोबर होता. पण काही प्रती कुणीतरी नष्ट केल्या नाहीत, म्हणून आज तो सिनेमा आहे. त्या लोकांना आज कुणी चोर म्हणेल? १९२८ च्या ‘जोन ऑफ आर्क’ची मूळ निगेटिव्ह आगीत गेली, आणि १९८१ मध्ये नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयात त्याची जुनी प्रिंट निघाली. ‘मेट्रोपोलिस’चे १९२७ मध्ये कापून टाकलेले प्रसंग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका संग्रहालयात सापडले, छोट्या १६ मिमी फिल्मवर, ओरखड्यांनी भरलेले. ती फिल्म मुळात एका खासगी संग्राहकाकडून फिरत फिरत तिथे पोहोचलेली. आंरी लांग्ल्वाने पॅरिसमध्ये १९३६ साली सिनेमातेक, म्हणजे सिनेमांचं संग्रहालय, सुरू केलं तेव्हा तोही एक झपाटलेला तरुणच होता, आणि त्याच्या बाथटबमध्येसुद्धा रिळं असायची असं सांगतात. आपले पी. के. नायर पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हसाठी आयुष्यभर रिळांच्या मागे फिरले. नायरसाहेब सरकारी नोकरीत होते हे खरं, पण नुसती नोकरी म्हणून कुणी एवढं फिरत नाही.

हे लिहिताना राग वाढतच चाललाय. पाणी पिऊन आलो.

हां, तर कापाकापी. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या, ‘स्टार वॉर्स’. त्याचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन सांगतात की जुन्या सिनेमांमध्ये फेरफार करणं म्हणजे आपल्या वारशाचा नाश आहे. १९९७ मध्ये तेच लुकास आपल्याच सिनेमात नवे प्राणी, नवे शॉट घालतात आणि १९७७ साली लोकांनी पाहिलेला सिनेमा मागे टाकून देतात. पुढे २००६ मध्ये डीव्हीडीवर जुनी आवृत्ती दिली, तीसुद्धा लेसरडिस्कच्या जमान्यातल्या जुन्या मास्टरवरून, पुसट. शेवटी फॅन लोकांनीच १९७७ च्या ३५ मिमी टेक्निकलर प्रिंट मिळवल्या, ४के मध्ये स्कॅन केल्या, फ्रेम न् फ्रेम बसून साफ केली. ‘४के७७’ म्हणतात त्याला. बघा एकदा. अंतराळातला काळोख खरंच काळा आहे आणि चेहऱ्यावर कातडी आहे.

दिग्दर्शकाला आपलं काम बदलायचा हक्क आहे, ठीक आहे, असेल. पण आधीचं पुसायचा नाही.

आता माझ्या चोराबद्दल सांगतो. असाच एक फॅन मित्र आहे, नाव लिहिणार नाही, त्याला उगाच त्रास नको. त्याने घरी स्कॅनर बनवलाय. मी डबा घेऊन गेलो तर त्याने आधी खिडक्या उघडल्या, हातमोजे चढवले आणि रीळ हातात घेऊन बराच वेळ नुसतं बघत बसला. मग म्हणाला, “प्रोजेक्टरवर चढवायचं नावही काढू नका, आकसलंय. भोकं दात्यांवर बसणार नाहीत, फाटेल.” त्याच्या यंत्राला दातेच नाहीत. गुळगुळीत रोलरवरून फिल्म हळूहळू सरकते, एक सेन्सर कडेची भोकं मोजतो, खालून एलईडीचा दिवा लागतो आणि वरचा कॅमेरा त्या एका फ्रेमचा फोटो काढतो. मग पुढची फ्रेम. हजार फुटी रिळात १६ हजार फ्रेम असतात. पडद्यावर अकरा मिनिटं. सेकंदाला एक फ्रेम धरली तरी सलग साडेचार तास. पण त्याआधी दोन रात्री त्याने मऊ कापडाने ते रीळ हातभर हातभर पुसलं, आणि जिथे जिथे जुना सांधा सुटायला आला होता तिथे तो पुन्हा जोडला. एक पैसा घेतला नाही. ‘चहा द्या’ म्हणाला.

मी स्कॅन होताना शेजारी बसलो होतो. सहाव्या मिनिटाच्या आसपास ती पायरीवर येऊन बसते, कंदिलाची काच काढते, फुंकर मारते, पदराने पुसायला लागते. आणि तिचा हात काचेवरून एकदम गुडघ्यावर उडी मारतो. मी म्हटलं, हे काय झालं? मित्राने फ्रेम थांबवून मोठी केली. मध्ये आडवी रेघ, कडेला सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रवाचा, पिवळट ओघळ. फिल्म इथे तुटली होती आणि कुणीतरी दोन-चार फ्रेम कापून ती जोडली होती.

कुणीतरी म्हणजे अण्णांनी. मी तो सांधा ओळखतो. ब्लेडने इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडायचे, ब्रशने सिमेंट लावायचे आणि वर अंगठा दाबून ओठातल्या ओठात दहापर्यंत मोजायचे. खाली पब्लिक शिट्ट्या मारतंय, मॅनेजर जिन्यावरून ओरडतोय, आणि यांचे आकडे चाललेत. मी लहानपणी शेजारी उभा राहून त्यांच्याबरोबर मोजायचो.

त्या गुळगुळीत, निळ्याशार, शिक्का मारलेल्या प्रतीत हे कुठून येणार हो?

आता कुणीतरी म्हणेलच, प्रिंट म्हणजे कॉपीची कॉपी, खरी धार निगेटिव्हमध्ये. मान्य. पण निगेटिव्हमध्ये रंग ठरलेला नसतो. कुठल्या शॉटला लाल, हिरवा, निळा प्रकाश किती द्यायचा ते प्रिंट काढताना लॅबमध्ये ठरायचं. त्या वेळी त्या लोकांनी पडद्यावर काय दाखवलं, याची साक्ष प्रिंटच देते. ती साक्ष काढून टाकायची आणि आजच्या कुणाच्या आवडीने रात्र निळी करायची, याला मी रिस्टोरेशन म्हणणार नाही.

आणि हो, सगळे फॅन साधू नाहीत. काही जण स्कॅन विकतात, काही जण अंदाजाने रंग भरतात, घिसाडघाईत काहींनी चांगली प्रिंट फाडलीसुद्धा आहे. कायद्याने हक्क मालकाचाच, तेही ठीक. मालकाने सिनेमा पूर्ण, न कापता, ग्रेनसकट बाहेर काढला तर मी पहिला पैसे देईन, आणि माझा मित्रही देईल. तो तर म्हणतो, “कंपनीने मागितलं तर हे स्कॅन फुकट देतो, तुमचं रीळ तेवढं थंड जागी ठेवा म्हणावं.” कुणी मागितलं नाही. मी स्वतः दोनदा ईमेल केला होता. उत्तर नाही. आणि आज त्यांनी तो प्रसंग नसलेली प्रत काढली. कदाचित त्यांच्याकडे तो नसेलच. हे लिहिता लिहिता आत्ता सुचलं. कदाचित त्यांनी कापला नसेल, त्यांच्या निगेटिव्हचा तेवढा तुकडाच गेला असेल. मग तर आणखीच वाईट. म्हणजे तो कंदील आज फक्त माझ्याकडे आहे.

मघाशी आईचा चेहरा उतरला होता. ॲप बंद केलं आणि तिला मित्राने दिलेलं स्कॅन लावून दिलं. तिने हे पूर्वी पाहिलं नव्हतं, मीच दाखवलं नव्हतं, अण्णांची आठवण काढून रडेल म्हणून. रंग पूर्ण परत आलेले नाहीत. झाडं करडी आहेत, आकाश फिकट आहे. आई काही बोलली नाही. कंदील आला, हात उडाला, तेव्हा ती हसली. म्हणाली, “त्या दिवशी लोकांनी खुर्च्या आपटल्या होत्या.”

रीळ संपताना वर उजव्या कोपऱ्यात एक वेडावाकडा गोल येतो. चेंजओव्हरची, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर जायची, खूण बरोबर दिसत नव्हती म्हणून अण्णांनी पिनने ओरखडून केलेला. मित्राने विचारलं होतं, हा काढू का, दोन मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. आज तो गोल दिसल्याबरोबर आई म्हणाली, “आता दुसरं मशीन सुरू करतील.”

आणि पडदा काळा झाला. पुढचं रीळ नाहीये ना.

म्हणून ही पोस्ट. कुणाच्या काकांनी, मामांनी, आजोबांनी टॉकीजमध्ये काम केलं असेल, घरात माळ्यावर, पलंगाखाली गोल पत्र्याचा डबा असेल, तर कृपा करून भंगारात देऊ नका. उन्हात ठेवू नका, उलगडूनही बघू नका, मला मेसेज करा. मला दहा नंबरचं रीळ हवंय. व्हिनेगरचा वास येत असला तरी चालेल.