३६५ दिवसवाल्यांना एक प्रश्न

"खऱ्या प्रेमाला व्हॅलेंटाइन डे लागत नाही, ते ३६५ दिवस असतं" हे व्हॅलेंटाइन डेला नुसता बाजार म्हणणाऱ्या एका लेखातलं वाक्य ऐकायला भारी आहे, पण आमच्याकडे हेच वाक्य फेकणाऱ्या बऱ्याच नवऱ्यांना बायकोचा वाढदिवससुद्धा मोबाइलने आठवण केल्यावर कळतो, त्यामुळे सॉरी, नाही पटलं. बाजार आहे हे मान्यच. जपानमध्ये १४ फेब्रुवारीला बायका चॉकलेट देतात आणि पुरुषांनी त्याची परतफेड १४ मार्चला करायची, तो व्हाइट डे तर मिठाईवाल्यांनीच काढला! पण मग आपला दिवाळीचा पाडवा? ओवाळून झालं की ताटात काय पडतंय याकडे लक्ष असतंच ना, आणि सोनारांच्या जाहिराती किती आधीपासून चालू होतात बघा, त्याला कोणी बाजारू म्हणत नाही. बरं मावळातले पॉलिहाऊसवाले शेतकरी डिसेंबरपासून गुलाबाची झाडं अशा हिशोबाने वाकवतात, छाटतात की माल बरोब्बर जानेवारीअखेरीस एक्सपोर्टला तोडणीवर यावा, त्यांचं वर्षाचं गणित त्या दोन आठवड्यांवर असतं, त्यांना कशाला नावं ठेवायची? गुलाब घ्या बिनधास्त. हॉटेलातल्या 'कपल पॅकेज'ला मात्र आमचा कोपरापासून नमस्कार, त्या दिवशी आम्ही दोघं मिसळ खायला जातो, एक्स्ट्रा तर्री मारके.