मु. पो. दोन ऑक्टोबर

काल रात्री पावणेअकराला, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, मी माझ्याच सोसायटीच्या गेटबाहेर उभा. नव्या ॲपमधे माझा फ्लॅटच नाही.

"२-१०," मी म्हणालो. दोन नंबरची बिल्डिंग, तळमजला, दहावा फ्लॅट.

वॉचमनने मोबाइलवर बोट फिरवलं. "साहेब, इथं दोन ऑक्टोबर आहे."

"तोच मी."

"म्हणजे तुम्ही दोन ऑक्टोबरला येणार?"

"अहो, आत्ता आलोय ना!"

"एंट्री ऑक्टोबरची दिसतीये." मग आवाज खाली आणून, "गांधी जयंतीला माझी सुट्टी असती. बदलीवाल्याला सांगून ठेवू का?"

हा माणूस रोज सकाळी माझ्या बंद पडलेल्या स्कूटरला धक्का मारतो. "तुम्हाला मी ओळखतो हो," तो कळवळून म्हणाला, "पण ॲप ओळखत नाही ना!"

ॲप सेक्रेटरी काकांच्या भाच्याने केलंय. कोडची एक ओळ न लिहिता, माउसने चौकोन ओढत, दोन संध्याकाळींत. वीस वर्षं कोड लिहून पोट भरणाऱ्या मी मीटिंगमधे तीन आठवडे मागितले होते. तेव्हापासून काका मला बघून गालात हसतात. आणि ते चालतंही, हे खरं दुखणं. वरच्या मजल्यांचे नंबर १०१ पासून, त्यांना काही होत नाही. तारखा झाल्या त्या आम्हा तळमजलेवाल्यांच्या.

ॲपच्या पोटात एक शीट आहे. तारखेत बसतील अशा आकड्यांमधे आडवी रेघ दिसली की ती परस्पर तारीख समजते. मी कॉलम 'टेक्स्ट' करून पाहिला, तर माझं घर ४५९३२ झालं! तारीख म्हणजे तिच्या लेखी १९०० पासून मोजलेले दिवस. मूळचं २-१० केव्हाच गेलं. माझ्या कोडमधे असतं तर एक ओळ बदलून झोपलो असतो. इथे ओळच नाही, बोट कुठे ठेवणार? भाचा कॅनडात.

"अरे, मग तू पाटी बदल ना," काका म्हणाले. "'दोन-दहा' असं अक्षरी लिही."

असं कुणी करतं का, हे तोंडावर आलं होतं. पण करतात. 'मार्च१' या जनुकाचं नाव एक्सेल बदलून १ मार्च करून टाकायचं, म्हणून २०२० मधे जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ते 'मार्चएफ१' केलं. एक्सेल तेव्हा ढिम्म, माणसाचं जनुक हललं. तिथे माझ्या पाटीची काय कथा!

पेंटर आज येऊन गेला. त्याचे तीनशे रुपये माझ्याच मेंटेनन्समधे लावलेत. पावती ॲपवर लगेच आली, श्री. दोन ऑक्टोबर यांच्या नावे.