‘का मोडलं’ हे इथे निर्णायक नाही

‘ग्रीन कार्ड हातात आलं आणि नवऱ्याला सोडलं.’ अमेरिकेतल्या मराठी घरांत हे वाक्य दबक्या आवाजात ऐकू येतं, भारतातल्या नातेवाइकांकडून मोठ्या आवाजात. तिकडे घटस्फोटावर वाद पेटला की तो पोटगी आणि सासरच्या छळाविरुद्धच्या पूर्वीच्या ४९८-अ कलमाच्या गैरवापराभोवती फिरतो, आणि शेवटी चूक कुणाची यावर येऊन थांबतो. कायद्याची घडणही तशीच. क्रूरता, व्यभिचार, परित्याग असं काही सिद्ध करा, नाहीतर दोघांची संमती आणा. संसार मोडलाय एवढ्या कारणावर घटस्फोट देता येईल, हे सांगण्यासाठी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यघटनेच्या कलम १४२चा आधार घ्यावा लागला.

इथला इमिग्रेशन कायदा वेगळंच विचारतो. लग्नाच्या आधारे ग्रीन कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोनं मिळून आय-७५१ हा शर्त काढून टाकण्याचा अर्ज भरायचा. घटस्फोट झाला असेल तर एकटीनं (किंवा एकट्यानं) भरून जोडअर्जातून सूट मागता येते. सिद्ध काय करायचं, तर लग्न प्रामाणिकपणे केलं होतं. १९८६च्या मूळ कायद्यात ही सूट मिळायला परदेशी जोडीदारानंच आणि सबळ कारणानं लग्न संपवलेलं असावं लागे. म्हणजे ‘चूक कुणाची’ हा आपलाच प्रश्न! १९९०मध्ये ती अट काढून टाकली. अधिकारी आजही का मोडलं ते विचारतो, पण त्याला शोधायची असते बनवेगिरी. दहा वर्षांचं कार्ड असलेल्यांना तर हा अर्जच नाही. फक्त जोडीदार अमेरिकी नागरिक असेल, तर घटस्फोटानंतर नागरिकत्वासाठी तीनऐवजी पाच वर्षं थांबावं लागतं.

म्हणून ‘दोन वर्षं कशीतरी काढ, मग बघू’ हा मावशी-काकूंचा सल्ला मला घातक वाटतो. घटस्फोटाचा हुकूम हातात आला की ९० दिवसांची वाट न पाहता अर्ज करता येतो. छळ होत असेल तर घटस्फोटाचीही गरज नसते. ‘सही करणार नाही’ ही नवऱ्याची धमकी चालते ती हे ठाऊक नसल्यामुळेच.

खरी अडचण कागदांची असते. आपल्याकडे भाडेकरार त्याच्या नावावर, बँक खातं त्याचं, विजेचं बिल त्याचं, आणि यात कुणाला काही खटकत नाही. अधिकारी मात्र दोघांच्या नावाचा करार, एकत्र भरलेला कर, दोघं वापरत असलेलं खातं मागतो. चारशे पाहुण्यांचा अल्बम फार तर लग्न झाल्याचं सांगतो, संसार केल्याचं नाही. त्यामुळे जॉइंट खात्याचा आग्रह धरणाऱ्या नव्या सुनेला कुणी हिशेबी म्हटलं की मी तिची बाजू घेते.

पोटगीच्या नावानं चिडणाऱ्यांनी आणखी एक कागद सही करण्याआधी नीट वाचावा. जोडीदाराला आणताना भरलेलं आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र घटस्फोटानं संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाइतकी ४० तिमाहींची नोंद होईपर्यंत, देश कायमचा सोडला नाही तर ती जबाबदारी राहते. तिथेही घटस्फोटात चूक कुणाची, हे कुणी विचारत नाही.