झोन फिका असला तरी भिंत दगडमातीचीच असते

मोबाइलवर एक मत वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातंय. महाराष्ट्र दख्खनच्या भक्कम पठारावर वसलाय, भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे भाग पाडणाऱ्या झोनच्या नकाशात आपला बहुतेक भाग फिक्या, म्हणजे कमी धोक्याच्या रंगात आहे, तेव्हा भूकंपाची काळजी कोयनेपुरतीच. आणि फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन, इंटरनेटवरची आकडेवारी उतरवून कुणी गावाचा धोका मोजायला बसला तर तो पोरखेळ. ते काम सरकारी शास्त्रज्ञांचं. या मताचा पहिला भाग जीवघेणा आहे, म्हणून तिथे जास्त थांबतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला ६.२ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात आठ ते दहा हजार माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा होता. २००२ च्या सुधारणेत झोन १ च रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये गेला. आधी माणसं गेली, मग रंग बदलला. कोयनेचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ ला तिथे मोठा भूकंप झाला, तोपर्यंत द्वीपकल्पाचा हा भाग स्थिर मानला जायचा.

जगभर या आकाराचे भूकंप दरवर्षी शंभराहून जास्त होतात आणि बहुतेकांत फारसं कुणी दगावत नाही. किल्लारीत एवढी माणसं गेली ती घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, मातीत रचलेले गोटे, वर माळवदाचा, म्हणजे माती टाकलेल्या सपाट छपराचा, अनेक टन भार. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर बांधणारे आरपार दगड नसल्याने हादऱ्याने थर सुटले, भिंती फुगून ढासळल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. झोनच्या नकाशात हे काहीच दिसत नाही. तो फक्त हादऱ्याबद्दल बोलतो. धोका मात्र तीन गोष्टींतून बनतो: हादरा, त्याच्या टप्प्यातली माणसं आणि ती ज्या छपराखाली झोपतात ते छप्पर.

आता पोरखेळाचा आरोप. क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर २००२ पासून वाढतंय आणि जगभरची सरकारी खाती ते वापरतात. भूकंपाच्या गणितासाठी ओपनक्वेक आहे. तेही मोफत, त्याचा कोडही खुला. कॅनडा आणि न्यूझीलंड यांची अलीकडची राष्ट्रीय भूकंप-मॉडेलं त्यावरच चालली आहेत. इंडोनेशियाच्या आपत्ती संस्थेने ऑस्ट्रेलिया आणि जागतिक बँकेच्या साथीने आपत्तीच्या परिणामांचा अंदाज देणारं इनासेफ बनवलं, तेही क्यूजीआयएसचंच प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचं पूरक सॉफ्टवेअर. किंमत शून्य आहे म्हणून गणित कच्चं ठरत नाही. उलट ते कुणालाही तपासता येतं.

खुली माहिती अर्धवट असते, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकंपांच्या कॅटलॉगमधून महाराष्ट्राभोवतीचा चौकोन निवडून सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी फाइल, उतरवली, तर कोयनेचे असंख्य बारीक धक्के त्यात सापडणार नाहीत, कारण जागतिक यादी लहान धक्के पकडत नाही. नकाशावर ठिपका नाही म्हणजे जमीन शांत आहे, असा अर्थ काढणारा फसतो. त्यासाठी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी शेजारी ठेवावी लागते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर पुण्याच्या इमारती भरपूर दिसतील, मराठवाड्यातल्या अनेक वाड्या-वस्त्या जवळपास कोऱ्या.

पण कोरी जागा भरता येते. काठमांडूत २०१५ च्या भूकंपाआधीच तरुणांनी शाळा आणि दवाखाने ओपनस्ट्रीटमॅपवर टिपायला घेतले होते. २५ एप्रिलला भूकंप झाल्यावर बाहेरून आलेल्या मदत पथकांना त्या कामाचा आधार मिळाला. आपल्याकडे तर सुरुवातीलाच मोठी शिदोरी आहे. २०११ च्या जनगणनेत घराची भिंत कशाची, छप्पर कशाचं, हे नोंदवलंय, आणि दगडी भिंतीत चुना-सिमेंट आहे की नाही हेसुद्धा. माझ्या मते भूकंपासाठी त्या तक्त्यातला हा सगळ्यात मोलाचा रकाना आहे. तालुक्यांच्या नकाशाला तो जोडा, चुना-सिमेंट नसलेल्या दगडी भिंती जिथे जास्त तिथे गडद रंग द्या. कुठल्या तालुक्यात आधी जायचं ते कळेल. पुढचं काम पायी. गल्लीतून फिरून प्रत्येक घराची भिंत, छप्पर, मजले, तडे आणि रात्री झोपणारी माणसं टिपायची. ही माहिती कुठल्याच उपग्रहाला मिळत नाही, गावातल्या मुलामुलींना मिळते. जनगणनेचे आकडे जुने आहेत, मधल्या काळात बरीच घरं स्लॅबची झाली, म्हणून तर ही फेरी हवीच.

अशा नकाशांनी घबराट पसरते, असंही म्हणतात. भूकंप अमुक तारखेला होणार असं सांगणारे संदेश घबराट पसरवतात, आणि ते खोटेच असतात. तारीख कुणालाच सांगता येत नाही. धोक्याचा नकाशा तारीख सांगत नाही, पडू शकणारी घरं दाखवतो.

यातून काय करू नये, तेही सांगतो. उपग्रहाच्या उंचीच्या आकड्यांवरून जमिनीचा कडकपणा ढोबळमानाने काढता येतो, पण त्यावर इमारतीचा पाया किंवा कॉलमची सळई ठरवू नका. त्याला माती परीक्षण आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो. मात्र तो इंजिनिअर गावात एकच दिवस येणार असेल, तर त्याने आधी कुठल्या दहा घरांच्या भिंती पाहायच्या, त्यांची यादी तुमच्या लॅपटॉपवर तयार असू शकते.