उशीवर छत्तीस पौर्णिमा

कोजागिरीला दूध आटवून गच्चीवर नेलं. केशर, चारोळी, वेलची, काही म्हणजे काही कमी ठेवलं नव्हतं. दुधात चंद्र पडला की मगच पेले भरायचे ही आमच्याकडची पद्धत, म्हणून आईने झाकण काढलं आणि वाकून बघितलं. बघतच राहिली. मग म्हणाली, "अगं, यात तीन आहेत. आपला कुठला?"

दोन पांढरेफटक, साईवर खिळे ठोकल्यासारखे. एक घरासमोरच्या खांबाचा, दुसरा शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या हॅलोजनचा. आणि पातेल्याच्या काठाशी अंग चोरून उभा असलेला तिसरा, तो चंद्र. शरदातला, पुनवेचा. ज्याच्यासाठी तासभर दूध ढवळून माझा हात भरून आला होता, तो.

को जागर्ति, असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणे त्या रात्री. आमच्या कॉलनीत ये बाई कधीही. बाराही महिने सगळे जागेच आहेत, झोपायची सोय ठेवलीय कुणी?

खरं सांगायचं तर खांबावरचा हा दिवा आला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. आधी सोडियमचा पिवळा दिवा होता. त्याच्याखाली लाल साडी मातकट दिसायची, माणूस कावीळ झाल्यासारखा. मग एका दुपारी शिडीची गाडी आली, दोन पोरं चढली, पिवळा उतरवला आणि एलईडी बसवून वीस मिनिटांत पसार. संध्याकाळी लागला तेव्हा आम्ही सगळ्या फाटकाशी उभ्या राहून म्हटलं, वा, काय लख्ख! त्याच रात्री तीनला मी दचकून उठले, दूधवाला येऊन गेला असं समजून चूळ भरली आणि घड्याळ बघितलं.

तेव्हापासून हेच चाललंय. समोरच्या कडुनिंबावर कावळे रात्री अडीचला काव काव करतात. पितरांचासुद्धा गोंधळ उडत असेल. आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ती म्हणते डोळे मिटले तरी आत पांढरं दिसतं. मी मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप टाकलं आणि फोन तिच्या उशीवर ठेवला. नऊ लक्स. मोबाइलचं ॲप म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, मान्य. पण डोक्यावरच्या पूर्ण चंद्राचा उजेड जमिनीवर जेमतेम पाव लक्स पडतो. करा हिशोब. आईच्या उशीवर रोज रात्री छत्तीस पौर्णिमा उगवतात. आमचा आणि झोपेचा छत्तीसचा आकडा उगाच नाही.

आणि एवढा उजेड आहे तर रस्ता उजळला असेल ना? छे! खांबाच्या बुडाशी गटाराचा ढापा फुटलाय. तिथे काळाकुट्ट अंधार. दिव्याखाली अंधार ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली, आता कुणीतरी ती तंतोतंत बांधून दिलीय. कारण अगदी साधं आहे, खाली उभं राहून वर बघितलं की कळतं. खांबाची जुनी दांडी वर उचललेली, तिरकी. पूर्वीच्या दिव्याला ती चालून जायची. त्याच दांडीवर हा सपाट एलईडी ठोकला, म्हणून त्याचं तोंड रस्त्याकडे नाहीच, आमच्या पहिल्या मजल्याकडे आहे. दांडी चार बोटं खाली वाकवली असती किंवा दिव्याला टीचभर पत्र्याची झडप लावली असती तर आज मी हे लिहीत बसले नसते. वीज रस्त्यासाठी आणि उजेड आमच्या मच्छरदाणीत!

कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे लिहिलं. लगेच उत्तर: "ताई, तुम्हाला अंधार हवाय का? चोऱ्या वाढतील." दुसऱ्याने हात जोडल्याची तीन चिन्हं टाकली. तिसऱ्याने बायकांच्या सुरक्षिततेवर चार ओळींचं प्रवचन दिलं, मला! मी स्वतः रात्री साडेअकराला स्टेशनवरून एकटी येते, मला शिकवतोय. अरे बाबा, समोरून भगभगीत दिवा डोळ्यात घुसला की बाहुली आकसते, आणि त्या दिव्याच्या शेजारच्या सावलीत माणूस उभा असला तरी दिसत नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तो सराव मोडायला एक झगझगीत दिवा पुरतो. परवाच आमच्या वळणावर स्कूटीवाली मुलगी झोपलेल्या कुत्र्यावर गेली. दिवा होता, लख्ख होता, तिच्या डोळ्यात होता. मला अंधार नकोय हो. मला उजेड हवाय, पण रस्त्यावर. एवढं एक वाक्य समजायला कुणाला इतकं जड का जावं?

बहिणीचा मुलगा टूसॉनला असतो, अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटात. मागे व्हिडिओ कॉल चालू असताना तो फोन घेऊन अंगणात गेला. सगळं काळं. मी म्हटलं, "अरे, लाइट गेलेत का तुमच्याकडे?" हसायला लागला. "नाही गं मावशी, इकडे असंच असतं. आमच्या गल्लीत खांबच नाहीत." पाच लाखांवर वस्तीचं शहर, आणि अनेक घरगुती गल्ल्यांमध्ये खांब नाहीत! कारण काय, तर ९० किलोमीटरवर किट पीकच्या डोंगरावर दुर्बिणी आहेत, त्यांना आकाश काळं लागतं. म्हणून तिथे १९७२ पासून बाहेरच्या दिव्यांचा कायदा आहे. एलईडी त्यांनीही लावले, सुमारे वीस हजार, पण ३००० केल्विनचे, म्हणजे तुपकट पिवळे, तोंड खाली, आणि मध्यरात्रीनंतर आणखी मंद. तिथून उत्तरेला उंचावर फ्लॅगस्टाफ आहे, तिथे तर १९५८ सालीच जाहिरातीच्या सर्चलाइटवर बंदी आली. २००१ मध्ये जगातलं पहिलं 'डार्क स्काय', म्हणजे काळं आकाश राखणारं, शहर म्हणून त्याचंच नाव लागलं. १९३० मध्ये प्लूटो सापडला तो तिथूनच. आमच्या खांबाखाली उभं राहून प्लूटो राहू दे, सप्तर्षी शोधून दाखवा.

तिथेही सगळे साधू-संत नाहीत. भाचा सांगतो, त्याच्या शेजाऱ्याचंही म्हणणं हेच की खांब हवेत, भीती वाटते. भांडतात, सभेत बोलतात, दिव्याचा रंग कुठला, टोपी कशी, किती वाजता मंद करायचा यावर डोकं फोडतात. भांडायला तरी जागा आहे! आमच्याकडे या गोष्टीला प्रश्न म्हणायलासुद्धा कुणी तयार नाही.

अमेरिका सोडा. आपलं हानले घ्या, लडाखच्या थंड वाळवंटातलं, साडेचार हजार मीटरवर, भारताची मोठी दुर्बीण आहे तिथे. २०२२ मध्ये तो सगळा टापू काळ्या आकाशासाठी राखीव जाहीर झाला. गावातल्या लोकांनी खिडक्यांना जाड पडदे लावले, घरातला उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. मीही जाड पडदा लावलाय. बाहेरचा आत येऊ नये म्हणून. चोवीसशे रुपये गेले. शिंपी म्हणाला, फोटो स्टुडिओ काढताय का?

बरं, पांढरा दिवा एवढा का टोचतो, तर त्यात निळा भाग जास्त असतो. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. आणि झोप आणणारं मेलाटोनिनही तोच निळा भाग दाबतो. आपल्याकडे ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा म्हणजे जणू श्रीमंतीचं लक्षण. २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जगभरच्या साध्या लोकांनी २०११ ते २०२२ मध्ये आकाश बघून नोंदी केल्या, पन्नास हजारांवर, आणि त्यातून निघालं की रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास उजळतंय. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. जन्मताना २५० तारे दिसणाऱ्या जागी पोर अठराचं होईपर्यंत १०० उरणार. आमच्या नातवाला मी गच्चीवर अकरा मोजून दाखवले. त्यातलं एक विमान निघालं.

आणि हे कुठे चाललंय, तर माळव्यात! सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध आणि शब-ए-मालवा. लोकांनी काशीची सकाळ घेतली, लखनौची संध्याकाळ घेतली आणि आमच्या पदरात रात्र टाकली. साडेपाचशे मीटरवरचं पठार, दिवसभर तापलेली काळी माती आणि नऊनंतर सुटणारा गार वारा. लहानपणी उन्हाळाभर गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या घालायचो. आजोबा बोटाने व्याध दाखवायचे, आकाशगंगेचा पट्टा दाखवायचे आणि हटकून उज्जैनवर यायचे: सगळ्या जुन्या ज्योतिषाचा शून्य रेखांश आपल्या उज्जैनवरून जायचा, कळलं का, सवाई जयसिंहाने उगाच नाही तिथे वेधशाळा बांधली, आणि मोडकळीला आल्यावर १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून घेतली. दर वर्षी तेच. आम्ही कंटाळायचो. आज त्याच गच्चीवर ते बोट वर केलं तर टोकाला काय दिसेल? दुधी पांढरा धुरळा.

कुणी म्हणेल, इंदूरला राहून उजेडाला नावं ठेवतेस? सराफ्यात जाऊन रात्री एकला भुट्ट्याचा किस खाणारीच मी आहे, तिथे हवाच उजेड, कढईत काय आहे ते दिसायला नको? राजवाड्यावर हवा. रंगपंचमीच्या गेरला, गणपतीला हवा. पण दीड वाजता, झोपलेल्या गल्लीत, बंद फाटकांवर आणि ढगांच्या पोटावर कशाला? २०१७ पासून स्वच्छतेत आमच्या शहराने कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, आम्ही घरात कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे करतो. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सगळं पाठ आहे. हा खिडकीतून रोज रात्री पडणारा उजेड कुठल्या डब्यात टाकू, तेवढं सांगा.

तक्रार केली नाही असं समजू नका. ऑनलाइन फॉर्म उघडला. दिव्याच्या तक्रारीत पर्याय होते: बंद आहे, लुकलुकतो, दिवसा चालू राहतो, खांब वाकला. 'फार लागतो' असा पर्यायच नाही. शेवटी 'बंद आहे' वर टिचकी मारली, म्हटलं निदान कुणी येईल तरी. आला. पोरगा खांबाखाली उभा राहून वर बघतोय.

"आंटी, ये तो चालू है."

"हो, चालूच आहे."

"फिर शिकायत क्या है?"

मी दांडी दाखवली, खिडकी दाखवली, वर नेऊन आईची उशी दाखवली. त्याने खरंच सगळं शांतपणे बघितलं, मान डोलावली. खाली गेला, खांबाचा फोटो काढला. संध्याकाळी मोबाइलवर निरोप: तपासणीत दिवा चालू आढळला, तक्रार निकाली.

तरी खांब म्हणजे निम्मंच दुखणं. टूसॉनमध्येच २०१९ साली रस्त्यावरचे दिवे मुद्दाम कमी-जास्त करून उपग्रहातून मोजून बघितलं, तर शहरातून वर जाणाऱ्या उजेडात त्यांचा वाटा पाचव्या हिश्शापेक्षाही कमी निघाला. बाकीचा दुकानांचा, जाहिरातींचा, पार्किंगचा, घरोघरच्या हौसेचा. म्हणून मग पडती बाजू घेऊन, वाटीभर आटीव दूध घेऊन शेजारी गेले. म्हटलं, दादा, गच्चीवरचा तो हॅलोजन रात्री अकरानंतर बंद करता येईल का, किंवा निदान खाली वळवता येईल का, आईला झोप लागत नाही.

त्यांनी दूध घेतलं, गोडाचं कौतुक केलं, आणि फार आपुलकीने म्हणाले, "ताई, त्या बाजूला तुमच्याकडे अंधार पडतो ना, म्हणूनच हा जास्त टोचतो. तुमच्या गच्चीवरही एक बसवून देऊ का? माझ्या ओळखीचा आहे, जोडीत घेतला तर स्वस्त देईल."