गळ्यात नव्हे, घशात

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणून उंदरांनी एवढी सभा भरवली, याचं मला आता हसू येतं. त्यांचं काम गळ्याच्या बाहेरचं होतं. मला रोज एक गोळी आत पाठवायची होती.

सगळं केसांवरून सुरू झालं. चिंगीचे केस सोफ्यावर जरा जास्तच दिसायला लागले आणि तीन मांजरं पाळणाऱ्या मैत्रिणीने फोनवरच निदान केलं, "अगं, हिला सप्लिमेंट चालू कर!" आठवडाभरात घरात फिश ऑइलच्या कॅप्सूल, टॉरीनची पावडर आणि मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या हजर. माझ्या स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळ्या फ्रिजवर कधीच्या धूळ खात पडल्यात, ते सोडा.

टॉरीनबद्दल रात्री बारा वाजता वाचलं, ती चूक झाली. मांजराच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही. खाण्यातून मिळालं नाही तर दृष्टी जाऊ शकते, हृदय फुगून दुबळं होतं. हृदयाचा हा संबंध 1987 साली उलगडला म्हणे. मी घाबरून चिंगीकडे पाहिलं. ती अंधारात कपाटावर बसून भिंतीवरच्या पालीवर डोळा ठेवून होती. दृष्टीची शंका तेव्हाच फिटायला हवी होती.

आधी फसवणूक करून पाहिली. गोळी कुटून तिच्या खाण्यात कालवली. तिने एकदा हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि बशीभोवतीची फरशी पंजाने खरवडायला लागली. वाळूच्या ट्रेमध्ये कार्यभाग उरकल्यावर करते, अगदी तसंच. माझ्या स्वयंपाकावर इतका स्पष्ट अभिप्राय सासूबाईंनीसुद्धा कधी दिलेला नाही.

"मधाचं बोट लाव की," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला. पण मांजराला गोड कळतच नाही! ती चव ओळखायला लागणारं एक जनुक त्यांच्यात निकामी असतं, हे 2005 मध्ये सिद्ध झालंय. आपल्या जिभेवर चवीच्या कळ्या हजारोंनी, त्यांच्या जिभेवर सुमारे 470. चिंगीच्या सगळ्याच्या सगळ्या बी-कॉम्प्लेक्स पकडण्याच्या ड्युटीवर असाव्यात.

शेवटी टॉवेल निघाला. माझी दहा नखं, नवऱ्याची दहा; तिची पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे अठरा. कागदावर आम्ही दोनने पुढे होतो. प्रत्यक्षात टॉवेलमध्ये नवऱ्याचा हात गुंडाळला गेला आणि चिंगी पडद्याच्या दांडीवर. दुसऱ्या खेपेला गोळी तोंडात गेली, तर तोंडाला हा फेस! मला वाटलं, संपलं सगळं. पण कडू लागलं की मांजरं अशी लाळ गाळतात. तिसऱ्या दिवशी मात्र तिने शहाण्यासारखी गोळी गिळली. आम्ही कौतुक केलं, फोटो काढला. रविवारी सोफा सरकवला तेव्हा खाली शहाणपणाच्या सात गोळ्या निघाल्या.

फिश ऑइलचं वेगळंच. कॅप्सूल माझ्या हातात फुटली, तेल बाहीवर सांडलं आणि जी बया वाटीतल्या तेलाकडे ढुंकून बघत नव्हती, ती दिवसभर माझी बाही चाटत फिरली. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवरसुद्धा.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी माझ्या हातावरच्या पट्ट्या पाहिल्या, मग तिच्या रोजच्या खाण्याचं पाकीट मागितलं. त्यावर मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, टॉरीनपासून सगळं छापलेलं होतं. "संपूर्ण आहार आहे हा. वरून आणखी कशाला? अ आणि ड जीवनसत्त्व जास्त झालं तर अपायच. अ फार दिवस जास्त गेलं तर मानेचे मणके आखडतात."

"आणि केस?"

"ऋतू बदलला की गळतात. ब्रश करा."

बोलता बोलता त्यांनी तिचं डोकं किंचित मागे कलवलं, बोटाने खालचा जबडा उघडला, जंताची गोळी जिभेच्या पार मुळाशी ठेवली आणि ती अन्ननलिकेत अडकू नये म्हणून सिरिंजने थोडं पाणी सोडलं. चार सेकंद. चिंगीने चक्क नाक चाटलं.

"पुढचा डोस पंधरा दिवसांनी," ते म्हणाले. "घरीच द्या."

नवऱ्याने खिशातून डायरी काढली. "तुमचं येणं साधारण किती वाजता होईल?"